मामांचे जुने स्पीकर: आठ महिने वाजवल्यावर

पंचवटीत मामांच्या घरी माळ्यावर हे पडून होते. मामा मस्कतला होते तेव्हा, म्हणजे 1980 च्या दशकात आणलेले, आठ इंची वूफर (खोल आवाजाचा मोठा स्पीकर), सीलबंद पेटी, एक उचलतानाच कंबर बोलते. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, लगेच भाव चढतात. मामी म्हणाली, ने रे बाबा एकदाचे, दर दिवाळीला पुसून पुसून कंटाळले.

घरी येऊन जाळी काढली, वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावलं तर काळा चिकट चुराच हातात. हा फोम पॉलियुरेथेनचा, दमट हवेनं सडतो, वाजवा नाहीतर गुंडाळून ठेवा. कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मात्र ठणठणीत, मल्टीमीटरवर 6.4 ओहम (8 ओहमच्या स्पीकरला एवढंच दिसतं, घाबरू नका).

नवीन फोम रिंग ऑनलाइन मागवल्या आणि इथेच मी माती खाल्ली. पहिला वूफर अंदाजानं मध्यभागी धरून चिकटवला, दुसऱ्या दिवशी कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) हलक्या हातानं दाबला तर आत खर्र खर्र, कॉइल मॅग्नेटला घासतेय. सगळं परत सोडवलं. मग मधली टोपी ब्लेडनं हळूच काढली, बाबांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून कॉइलच्या फटीत चारी बाजूंनी खोचल्या आणि मग फेविकॉल लावून 24 तास हात लावला नाही. पट्ट्या काढल्यावर कोन लोण्यासारखा हलला.

क्रॉसओव्हरमधले (जाड-बारीक आवाज वेगळे करणारी पेटीतली सर्किट) कपॅसिटर पण बदला, इलेक्ट्रोलिटिक चाळीस वर्षांत सुकतात. दुकानात नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेले) म्हणून तीनदा सांगूनही साधे प्लस-मायनसवाले हातात दिले, घरी आल्यावर कळलं, परत एमजी रोडची चक्कर. शेवटी न सुकणारे प्लॅस्टिक फिल्मवालेच टाकले.

आता खरी गंमत पॉवरची. सीलबंद पेटीत कोंडलेली हवाच वूफरला स्प्रिंगसारखी मागे ढकलते, एडगर विल्चर नावाच्या अमेरिकन माणसानं 1954 मध्ये हे जमवलं, म्हणून छोट्या पेटीतून खोल बेस मिळतो पण आवाज कमी निघतो आणि अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, घाम फुटतो. मला कुठं अक्कल, टीपीए3116 चिपचा स्वस्त अँप बोर्ड घेतला, जाहिरातीत 100 वॅट, सोबत 12 व्होल्टचा अडॅप्टर. गणित मांडा ना, 12 व्होल्टवर 8 ओहमला चॅनलमागे जेमतेम 9 वॅट. गणपतीत आरतीला भाच्यानं नॉब पूर्ण फिरवला, अँप क्लिप झाला (ताकद संपून आवाज फाटला), टाळ-झांजांचा नुसता चरचराट, आणि डावा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कायमचा गप्प. लोकांना वाटतं जास्त वॅटनं स्पीकर जळतो, इथे कमी वॅटच्या अँपनंच जाळला.

आता 24 व्होल्टचा 5 अँपियरचा सप्लाय आहे, हिशोबानं 36 वॅटच्या आसपास. घेताना बोर्डवरचे मोठे कपॅसिटर 35 व्होल्टचे आहेत ना ते बघा, काहींवर 25 चे असतात, ते 24 वर अगदी काठावर चालतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला एवढं रग्गड होतं.

आवाजाबद्दल काय सांगू, भीमसेनजी लावले की तानपुरा गायकाच्या मागे वेगळा उभा राहतो, माझ्या ब्लूटूथ डब्यात तो कधी ऐकूच आला नव्हता. पण डीजेवाला धडाड बेस हवा असेल तर नका घेऊ, निराश व्हाल. जुलै-ऑगस्टच्या पावसात फोमला काही झालं नाही, अर्थात एका पावसाळ्यावरून काय बोलायचं.

एकच दुखणं उरलंय. जळालेल्याच्या जागी बसवलेला नवा ट्वीटर जुन्यापेक्षा झणझणीत आहे, व्हायोलिन डावीकडून टोचायचं. सध्या सिरीजमध्ये 1 ओहमचा रेझिस्टर टाकून त्याला जरा शांत केलंय, जुन्याचा जोडीदार मिळेपर्यंत तसाच राहील, दर बुधवारी बाजारात एक फेरी चालूच आहे.