ह्युमन प्रोटीन अॅटलस: अँटीबॉडीचे पैसे घालवण्याआधी इथे बघा

पीएचडीला लागल्या लागल्या मी काय केलं तर एका कंपनीची (नाव नको) आयन चॅनलची (म्हणजे पेशीच्या कडेवरचं, आयन आत-बाहेर सोडणारं प्रोटीन) अँटीबॉडी, म्हणजे ते प्रोटीन शोधून त्याला चिकटणारा रेणू, मागवली, दीड महिन्याने आली आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन आकारानुसार वेगळे करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) भलत्याच ठिकाणी तीन बँड. गाईड म्हणाले, अगं, अॅटलसवर बघितलंस का आधी? नव्हतं बघितलं.

तर अॅटलस म्हणजे माणसाच्या शरीरात कुठलं प्रोटीन कुठे असतं ते दाखवणारी साइट, स्वीडनची, २००३ मध्ये माथियास उलेन यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, पूर्ण फुकट, लॉगिन-बिगिन काही नाही. जीनचं नाव टाकायचं, कॅन्सरमध्ये जायचं, लंग निवडायचं की पेशंटच्या ट्यूमरचे रंगवलेले तुकडे समोर. जिथे तपकिरी रंग तिथे प्रोटीन. फोटोवर क्लिक केलं की वय, स्त्री की पुरुष, रंग किती गडद, किती पेशींत, सगळं येतं. आणि गंमत म्हणजे हे फोटो वाचून मार्क देणाऱ्यांत मुंबईच्या लॅब सर्गपॅथचे पॅथॉलॉजिस्ट होते, मला हे कळलं तेव्हा उगाच भारी वाटलं :)

आता खरं सांगते, नुसतं 'हाय', 'मीडियम' वाचून थांबू नका. एका कॅन्सरचे जास्तीत जास्त बाराच पेशंट असतात, लंगमध्ये तर त्यात अॅडिनो आणि स्क्वेमस हे दोन्ही प्रकार, म्हणजे वाट्याला किती उरले बघा. आणि आयन चॅनल काम करतं ते पेशीच्या कडेवर, मेंब्रेनमध्ये. रंग सगळा आत सायटोप्लाझममध्ये दिसत असेल तर चॅनल भरपूर आहे म्हणून नाचण्यात अर्थ नाही. आणि कडेवर असलं तरी ते उघडतंय का हे फोटो सांगत नाही, त्याला पॅच क्लॅम्पच (चॅनलमधून जाणारा करंट मोजायची पद्धत) लागतो. अँटीबॉडीपुढची रिलायबिलिटीपण (निकाल किती भरवशाचा ते) बघा, 'अनसर्टन' असेल तर मी तरी ते पान सोडून देते.

सर्व्हायव्हलचा ग्राफ (प्रोटीनचा जीन जास्त किंवा कमी चालू असलेले पेशंट किती जगले) हा सगळ्यात मोहात पाडणारा भाग. तो टीसीजीएच्या (अमेरिकेचा कॅन्सर जीनोमचा डेटाबेस) आरएनएवरून काढलाय, प्रोटीनवरून नाही, हे आमच्या अर्ध्या बॅचला माहीतच नव्हतं. शिवाय तिथे हाय आणि लोची रेघ दोन गट सगळ्यात वेगळे दिसतील अशा जागी मारलेली असते, ती मीडियनवर आणून बघा, कधीकधी दोन्ही गटांचे ग्राफ एकमेकांना चिकटतात. माझं चॅनल केसीएनएन४, ते टी-सेलमध्येही (लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) असतं. ट्यूमरचा तुकडा दळून आरएनए काढला की त्यात घुसलेले लिम्फोसाइटही आलेच, मग ते वाढलंय कॅन्सरच्या पेशीत की त्यांच्यात? इथे मात्र फोटो कामाला येतात, रंग नक्की कुठल्या पेशीला लागलाय ते डोळ्यांनी दिसतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क मोबाइलसाठी कापला, फोटो झूम करताना जीव जातो, लॅपटॉपवरच बघा.