सीलबंद की पोर्टेड : गाडीच्या सबवूफरसाठी कुठला बॉक्स घ्यावा?

१२ इंची सबवूफरला (खोल सूर वाजवणाऱ्या स्पीकरला) सीलबंद बॉक्स साधारण २८ ते ३५ लिटरचा पुरतो, पोर्टेडला, म्हणजे हवा आत-बाहेर जायला भोक किंवा फट (पोर्ट) ठेवलेल्या बॉक्सला, ५० ते ६० लिटर लागतात. म्हणजे डिकीचा बराचसा भाग गेलाच. नेमका आकडा मात्र कंपनीच्या माहितीपत्रकातूनच घ्या. त्यातला एफएस (सबवूफरची स्वतःची नैसर्गिक वारंवारता) भागिले क्यूईएस (कॉइल आणि चुंबक कोनच्या हालचालीला किती आवर घालतात त्याचा आकडा) ५० च्या खाली आला तर सीलबंद, १०० च्या वर गेला तर पोर्टेड.

सीलबंदमध्ये बास आखीव येतो, तबल्याची थाप ऐकू येते तशीच तुटक. सूर खाली उतरताना आवाज हळूहळू, अष्टकामागे (वारंवारता निम्मी होताना) १२ डेसिबलने कमी होतो आणि बंद केबिन तो बराचसा भरून काढते.

पोर्टेड त्याच वॅटमध्ये ट्यूनिंगच्या (ज्या वारंवारतेला पोर्टमधली हवा जोरात कंप पावते तिच्या) आसपास चांगलाच जोरात वाजतो. पण ट्यूनिंगच्या खाली कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही. ३५ हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्सवर सबसॉनिक फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचे सूर कापणारी सोय) ३० हर्ट्झच्या आसपास लावलाच पाहिजे, नाहीतर कॉइल आपटून सबवूफर जातो. ही चूक फार होते! पोर्ट अरुंद असेल तर हवेचा फसफस आवाज येतो. लांबट फटीच्या पोर्टला बॉक्सच्या दर घनफुटामागे १२ ते १६ चौरस इंच तोंड ठेवा, आणि पोर्टची व सबवूफरची जागा आतल्या मापातून वजा करा.

१८ मिमी जाडीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा) बोर्ड दोन्हीला चालतो. सांध्यांत सिलिकॉन भरल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत सबवूफर बसवू नका, त्याच्या वाफेने काही स्पीकरांच्या कडेचा गोंद सुटतो.

रोजच्या ऐकण्यासाठी आमची पसंती सीलबंदलाच.