लूसाद्झाक: आर्मेनियन सुरांचा पियानो

प्राचीन संस्कृतीवर बेतलेल्या कॉन्चेर्टोंमध्ये (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांमध्ये) बहुतेकदा फक्त धून तिकडची असते, हार्मनीचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, सगळा थाट युरोपीयच. आर्मेनियन वंशाचे अमेरिकन संगीतकार ॲलन होव्हानेस यांनी १९४४ साली रचलेल्या ‘लूसाद्झाक’ या पियानो कॉन्चेर्टोमध्ये मात्र पियानो वाजवायची पद्धतच बदलली आहे.

पियानोवर मींड घेता येत नाही आणि दोन पट्ट्यांमधली श्रुती मिळत नाही. ऊद, तार, कानून या पश्चिम आशियाई तंतुवाद्यांचा बाज आणायचा तर ही मोठीच अडचण. होव्हानेस जाड कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) जवळजवळ टाळतात. एकच सुरावट चालते, स्वर टिकवायला तो झपाट्याने पुन्हापुन्हा छेडला जातो, शेजारच्या स्वराला ओझरता स्पर्श होतो आणि खाली आधारस्वर घुमत राहतो. संतूर ऐकणाऱ्याला ही युक्ती लगेच कळेल. इथे पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) जास्त दाबलं की छेडलेले स्वर एकमेकांत मिसळतात आणि सगळा गढूळ गोंगाट होतो.

साथीला फक्त तंतुवाद्यं. काही ठिकाणी प्रत्येक वादक आपला छोटा तुकडा आपल्याच गतीने घोळवतो, कुणी कुणाशी ताल जुळवायचा नाही. त्यातून दबकी कुजबुज उठते. वादक सवयीने एकमेकांना धरू लागले तर ती कुजबुज कवायतीसारखी ऐकू येते.

कीथ जॅरेट (पियानो), अमेरिकन कम्पोझर्स ऑर्केस्ट्रा आणि वाद्यवृंद-संचालक डेनिस रसेल डेव्हिस यांचं ध्वनिमुद्रण म्हणूनच पटतं. जॅरेट यांचा स्वर टोकदार आणि मोकळा आहे. द्रुत भागातही छेडलेला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, उगाच भावविवशता नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, ती कुजबुज पार नाहीशी होते. हेडफोन हवेतच.

यात भारतीय छटा जाणवते, पण ती मद्रासच्या मुक्कामातली नाही. होव्हानेस तिथे शिकायला गेले १९५९ मध्ये, या रचनेनंतर पंधरा वर्षांनी. उदयशंकरांच्या नृत्यमंडळातल्या विष्णुदास शिराळींचं संगीत मात्र त्यांनी तिशीच्या दशकातच ऐकलं होतं. मूळ पाया आर्मेनियन चर्चगायनाचा आणि लोकसंगीताचा.

रचना सलग, वीसेक मिनिटांची. हार्मनीचे चढउतार शोधणाऱ्याला मधला भाग लांबलेला वाटेल. आलाप-जोड-झाला ऐकायची सवय असेल तर सुरुवातीची संथ चाल वगळू नका, शेवटच्या वेगाचं वजन तिच्यावरच उभं आहे.