'युअर लाय इन एप्रिल' की 'नोदामे कांताबिले': आधी कुठली?

दोन्ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका, दोन्ही प्रेमकथा, दोन्हींत पियानो, आणि दोन्हींचे भाग वीसच्या वर. मला वेळ एकीलाच देता येणार होता, म्हणून चार-चार भाग बघून ठरवायचं असं केलं.

देखणेपणात २०१४ची 'एप्रिल' कितीतरी पुढे आहे, यात वादच नाही. चेरीचा बहर, त्यात लहान मुलांबरोबर मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी) वाजवणारी नायिका काओरी, तिच्या डोळ्यांतलं पाणी. पियानो वाजवणाऱ्या नायकाला, कोसेइला, आई गेल्यापासून स्वतःच्याच पियानोचे सूर ऐकू येत नाहीत, ही कल्पनाही पहिल्याच भागात मनात घर करते.

माझं अडलं चौथ्या भागात. काओरी व्हायोलिनवर साँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची रचना वाजवतेय, कोसेइ साथीला. त्याचे हात मध्येच थांबतात, मग तीही थांबते आणि दोघं पुन्हा सुरू करतात. या प्रसंगासाठी मी काहीही दिलं असतं. पण त्या वादनावर बोलणं चालूच राहतं: कधी कोसेइचं मन बोलतं, कधी प्रेक्षकांतले लोक. समेवर येता येता शेजारच्यानं कानाशी लागावं, तसं झालं मला. त्यात जपानी येत नसल्यानं सबटायटल वाचायचं, म्हणजे नेमक्या वेळी नजर गजावरून खाली. तीनदा मागे नेऊन पाहिलं, पण सलग ऐकायला काही मिळालं नाही. पात्राच्या मनातलं ऐकायला ज्यांना आवडतं, त्यांना कदाचित हेच भावेल.

२००७ची 'नोदामे' दिसायला साधी. वादनात बरेचदा स्थिर चित्रं, आणि संगणकावर केलेली बोटं वेगळी उठून दिसतात. नायिका नोदामेच्या खोलीतला कचरा बघून तर पहिली दहा मिनिटं मी साशंकच होतो. मग मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा येतो. ती ऐकून वाजवणारी, स्वरलिपीशी तिचं जमत नाही. नायक चिआकी शिस्तीचा, सरावात तिच्यावर सतत चिडलेला. शेवटी मात्र तो तिला मोकळं सोडतो आणि स्वतः सांभाळून घेत साथ करतो. मनातलं बोलणं इथेही आहे, पण मोजकं. बाकीचं पियानोच सांगतात. तो तिच्यात गुंतणार हे मला तिथे कानांनी कळलं.

शाळकरी वयातलं, जीव पिळवटणारं काही हवं असेल तर 'एप्रिल' घ्या. २२ भागांत गोष्ट पुरी होते. कॉलेजातली माणसं, रियाज, ऑर्केस्ट्राची भांडणं यांत रस असेल तर 'नोदामे'चे २३ भाग आहेत, शिवाय पुढची दोन पर्वं ११-११ भागांची. मला विचाराल तर हेडफोन लावून 'नोदामे'च आधी बघा.

मी सध्या तिच्या पॅरिसच्या पर्वात आहे. 'एप्रिल'चा पाचवा भाग अजून तसाच आहे.