निळी चिंधी दाखवून ‘बॅरल गेली’ म्हणणाऱ्यापासून सावध

नेमबाजीच्या पॉइंट टू-टू रायफलच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, साचलेली घाण काढून देतो म्हणून आमच्याकडून आधी ४,५०० रुपये घेतले गेले आणि पाठोपाठ ‘आता बॅरलच बदलावी लागेल’ असं सांगून ४०,००० रुपये आगाऊ. नळीला काहीही झालेलं नव्हतं. इंदूर, महू, देवासकडे ज्यांची मुलं ५० मीटर रायफल खेळतात त्यांनी हे जरूर वाचावं. हे पैसे घेणारा माणूस खोटी वस्तू दाखवत नाही. त्याने आम्हाला तीन पुरावे दाखवले, तिन्ही डोळ्यांदेखत, आणि तिन्ही खरे होते. खोटा होता तो त्याने त्यांचा लावलेला अर्थ.

आमची लेक प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याचा प्रकार, खेळते. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून तिने हाच खेळ मनावर घेतला. या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे रायफल जरा बिनसली की लगेच कळतं. तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचा पडणारा पुंजका, पसरू लागला, मधूनच एखादी गोळी भलतीकडे जाऊ लागली. कोच सरांनी नळी पाहिली आणि म्हणाले, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे कार्बनचं कडं धरलंय, नेहमीच्या पुसण्याने निघणार नाही. ते बरोबरच होतं. मग रेंजवरच्या कोणीतरी या माणसाचा नंबर दिला.

स्वतःची ओळख त्याने ‘महूवाला आर्मरर’, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, अशी करून दिली. इंदुरात एवढं पुरतं. महूत इन्फन्ट्री स्कूल आहे, लष्कराचं नेमबाजी केंद्र, आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ साली लंडनला पिस्तुलात रौप्य जिंकणारे विजय कुमार तिथेच घडले. शहरात सीमा सुरक्षा दलाची शस्त्रांची शाळा आहे. ज्या गावात हत्यारांची इतकी जाण, तिथे ‘महू’ म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही. याच्याकडे ना ओळखपत्र होतं, ना दुरुस्तीचं लायसन्स. रायफल घरी सोडून जा म्हणाला, पण लायसन्स लेकीच्या नावावर असल्याने तिने साफ नाही म्हटलं आणि काम रेंजवर, तिच्यासमोर झालं. त्यामुळेच पुढचं सगळं आम्हाला तपशिलात सांगता येतंय.

पहिला पुरावा निळ्या चिंधीचा. त्याने रॉडच्या टोकाला पितळी जॅग, म्हणजे चिंधी धरणारं टोक, लावला, परदेशी लेबलच्या बाटलीतलं झोंबऱ्या वासाचं औषध चिंधीवर घेतलं, नळीतून फिरवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. बाहेर आलेली चिंधी निळी-हिरवी. “देखो मैडम, कॉपर। पूरी बैरल में जम गया है।” बघणाऱ्याला पटतंच, रंग समोर दिसतो ना!

आमच्या ताईंचे यजमान फौजेत खरोखर आर्मरर होते. भावजींनी ऐकल्याबरोबर एकच प्रश्न विचारला, “हिच्या गोळीत तांबं असतं कुठे?” मॅचच्या पॉइंट टू-टू काडतुसाची गोळी साध्या शिशाची असते, साधारण २.६ ग्रॅमची, वरून मेणाचा हात. मोठ्या रायफलींच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं, त्यांच्या नळीत तांबं बसतं आणि त्यासाठी अमोनियाचं औषध वापरतात. काही साध्या पॉइंट टू-टू गोळ्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो हे खरं, पण लेकीने त्या कधी वापरलेल्याच नाहीत. मग निळं आलं कुठून? भावजींनी स्वयंपाकघरातली बशी घेतली, त्यात कोरी चिंधी, तिच्यावर पितळी जॅग आणि त्या माणसाने आम्हाला विकलेल्या बाटलीतले थेंब. रायफल कपाटात कुलूपबंद होती. काही वेळात चिंधी तशीच निळी झाली. पितळेत तांबं असतं, अमोनियाने ते सुटतं आणि रंग देतं. तो आपल्याच जॅगचा रंग आम्हाला नळीतली घाण म्हणून दाखवत होता. हा प्रयोग कोणीही घरी करून पाहावा, फक्त खिडक्या उघड्या ठेवून.

दुसरा पुरावा कॅमेऱ्याचा. बारीक बोअरस्कोप नळीत घालून त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. चेंबरच्या पुढे काळं खडबडीत कडं, आणि पुढे नांगरलेल्या शेतासारख्या रेघाच रेघा. म्हणाला, गंजाने खाल्लीय, खड्डे पडलेत. हा कॅमेरा केसाएवढी रेघही दोरखंडाएवढी करून दाखवतो, आणि कारखान्यात नळी कापताना राहिलेल्या रेघा चांगल्या नळ्यांतही दिसतात. काळं कडं म्हणजे जळलेली दारू, मेण आणि शिसं यांचा थर. तो चढतो आणि उतरतोही. गंजाचा खड्डा मात्र कितीही घासलं तरी जागचा हलत नाही. म्हणून घाणेरड्या नळीचं चित्र बघून निकाल कधीच मान्य करू नये. आधी साफ, मग कॅमेरा.

तिसरा पुरावा मला सगळ्यात दुष्टपणाचा वाटला, कारण तो लेकीच्याच हातून करवून घेतला. नळी कोरडी ठक्क घासून झाल्यावर तो म्हणाला, आता पाच गोळ्या मार. ग्रुप पहिल्यापेक्षा वाईट आला. “मैंने तो पूरा साफ कर दिया, अब भी नहीं लग रही तो बैरल गई समझो।” पोरीचा चेहरा उतरला. राज्य स्पर्धा तोंडावर होती. आता ऐका: पॉइंट टू-टूची नळी खोलवर साफ केली की गोळ्यांच्या मेणाचा पातळ थर निघून जातो आणि तो परत बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातातच. दहा-वीस गोळ्या, कधी त्याहून जास्त, झाल्यावर ग्रुप जमतो. हे प्रत्येक अनुभवी नेमबाजाला ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच तो पाचव्या गोळीला थांबला.

मधेच त्याने स्टीलच्या तारांचा ब्रश काढून नळीच्या तोंडाकडून घालायला घेतला होता, लेकीने तिथल्या तिथे हात धरला. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही गोळीने नळी सोडतानाची शेवटची जागा. तिथे ओरखडा आला की चांगली नळीही कायमची बिघडते. तो ब्रश फिरला असता तर त्याचं ‘बॅरल गेली’ खरंच ठरलं असतं.

पैसे गेले ते त्यानंतर. जर्मन बॅरल बाहेरून येतेय, एकच नग आहे, आज आगाऊ दिले तरच मिळेल. स्पर्धेच्या काळजीत ४०,००० यूपीआयने पाठवले गेले. बिल मागितलं, आयातीचा परवाना मागितला, तर “सामान बाहर से आता है, बिल का क्या करोगे”. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय बंदुकीचा विक्री-दुरुस्तीचा धंदा करता येत नाही. म्हणजे कुणाच्या बॅगेतून आलेली नळी घेतली असती तर पैशांबरोबर लेकीचं लायसन्सही संकटात होतं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

नळी साफ कशी झाली, तेही सांगते. कोच सर आणि भावजींनी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा भाग, काढला, मागून रॉड सरळ धरणारा बोअर गाइड बसवला, म्हणजे रॉड चेंबरच्या पुढच्या भागाला घासत नाही. एकसंध, वरून लेप दिलेला रॉड, नेहमी मागून पुढे. अमोनिया नसलेलं, कार्बन आणि शिशावर चालणारं औषध लावून वाट पाहिली. मग फॉस्फर-ब्राँझचा ब्रश थोडे हात, मग कोरड्या चिंध्या. पुन्हा तेच. काळ्या चिंध्यांमध्ये शिशाच्या करड्या कपच्या दिसू लागल्या. कडं मात्र हटेना. शेवटी जुन्या ब्रशला चिंधी गुंडाळून, तिला सौम्य पेस्ट लावून, फक्त त्याच जागी सरांनी आखूड हात मारले. पेस्ट रोजची नाही, जास्त घासली तर नळीच झिजते, आणि नवख्याने तर हात लावूच नये. सगळं पुसून काढलं, चेंबर कोरडं केलं, कॅमेरा घातला. खड्डा एकही नाही. रेंजवर लेक शांतपणे गोळ्या मारत राहिली आणि जुना ग्रुप परत आला.

कोणी तुमची नळी तपासायला आला तर त्याच्याकडे दुरुस्तीच्या लायसन्सची प्रत आधी मागा. निळी चिंधी दाखवली तर विचारा, जॅग कशाचा आहे. प्लास्टिकचा किंवा निकेलचा मुलामा असलेला लावून पुन्हा करायला सांगा. साफ केल्यावर मुलाला पुरेशा गोळ्या मारू द्या. रायफल नजरेआड करू नका. नळी बदलायचं ठरलंच, तर ते कोच आणि लायसन्सधारक डीलर यांच्यामार्फत, पक्क्या बिलावर.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आणि ठाण्यातही लेखी अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा. यूपीआयच्या पावत्या, त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, ती बाटली आणि निळी चिंधी, सगळं जपून ठेवलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत. याच पद्धतीने आणखी कोणाकडून आगाऊ रक्कम गेली असेल तर गप्प बसू नका. तुमच्या पावत्या घेऊन तुमच्या ठाण्यात अर्ज द्या आणि त्यात निळ्या चिंधीचा, पाच गोळ्यांचा उल्लेख अवश्य करा, म्हणजे अर्ज एकमेकांशी जुळवता येतील.