दोन डिस्कचं मिररिंग एन्क्लोजर: कोणी घ्यावं, कसं लावावं

घरच्या बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क बसणारं यूएसबी एन्क्लोजर घ्या आणि मिररवर, म्हणजे रेड १ वर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ही वस्तू एकच काम करते: दोनपैकी एक डिस्क मेली, तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं आणि काम थांबत नाही. चुकून डिलीट झालेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला तर दोन्ही प्रती एकदमच हातच्या जातात. अडॅप्टरही दोघींना मिळून एकच. त्यामुळे मूळ फोटो आणि कागदपत्रं थेट यावरच ठेवून निर्धास्त राहणार असाल, तर घेऊ नका. मूळ प्रत कॉम्प्युटरमध्ये आणि एन्क्लोजरवर तिचा बॅकअप, अशी मांडणी असेल तर वस्तू कामाची आहे.

नाव कुठल्याही कंपनीचं असो, आतला मामला बराचसा सारखाच असतो. अनेकांमध्ये जेमायक्रॉन किंवा एएसमीडियाची ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी) असते आणि मिररिंगचं सगळं काम तीच करते. कॉम्प्युटरला एकच डिस्क दिसते. वेगाच्या जाहिरातींकडे फार लक्ष देऊ नये. साडेतीन इंची डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते, आणि मिररमध्ये लिहिण्याचा वेग दोघींपैकी सावकाश असलेलीचा. त्याला ५ गिगाबिटचं यूएसबी भरपूर झालं. १० गिगाबिटसाठी जादा पैसे मोजणं व्यर्थ.

बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. प्रत्येक डिस्कला स्वतंत्र दिवा हवा. डिस्क गेल्यावर वाजणारा बझर हवा, कारण एन्क्लोजर टेबलामागे असतं आणि लाल दिवा महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. बटण खटक्याचं असावं; नुसतं दाबून सोडायचं बटण असलेली काही एन्क्लोजर वीज जाऊन आल्यावर बंदच राहतात आणि बॅकअप गुपचूप थांबतो. अडॅप्टर १२ व्होल्ट, किमान ४ अँपिअरचा असावा. सुरू होताना प्रत्येक डिस्क दीड-दोन अँपिअर ओढते, दोन्ही एकदम फिरू लागल्या की किरकोळ अडॅप्टर दम तोडतो. मग डिस्क टकटक करते, परत सुरू होते आणि लोक चांगली डिस्क खराब समजून बदलतात. फॅन आवाज करतो म्हणून बिनफॅनचं प्लॅस्टिकचं एन्क्लोजर घेणं ही खोटी बचत आहे, आत डिस्क तापतात.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारचीच (ट्रॅक सुटे असलेली) घ्यावी. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लेखन सुरू झालं की वेग कोसळतो, आणि रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर दुसरीची पूर्ण प्रत उतरवणं, हे नेमकं तेच. नुसत्या नावावर जाऊ नये: २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, लाल; मिररिंगचं रेड नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, त्यानंतर सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या. दोन्ही डिस्क समान क्षमतेच्या, पण शक्यतो वेगवेगळ्या बॅचच्या घ्याव्यात. एकाच लॉटमधल्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या डिस्क पाठोपाठ जाऊ शकतात.

आता जोडणी. एन्क्लोजर बंद असताना डिस्क बसवा आणि प्रत्येकीच्या कडेला सीरियल नंबर व कप्पा लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. मागचे बारीक स्विच मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे रेड १ वर करा. हा तक्ता मॉडेलगणिक बदलतो, अंदाजाने करू नका. काही तयार संच तर वेग मोठा दिसावा म्हणून कारखान्यातूनच रेड ० वर येतात, ज्यात एक डिस्क गेली की सगळंच जातं. मग बऱ्याच मॉडेलांत सेट बटण दाबून धरून वीज सुरू करावी लागते. या टप्प्याला डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जातो. कॉम्प्युटरमध्ये एकच डिस्क दिसली पाहिजे: ४ टेराबाइटच्या दोन असतील तर ४ टेराबाइटची. ८ दिसली तर मोड चुकला. पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यासाठी, जीपीटी निवडा; जुना एमबीआर प्रकार २ टेराबाइटच्या पुढे जात नाही. फॉरमॅट विंडोजला एनटीएफएस, मॅकला एपीएफएस, लिनक्सला ईएक्सटी४. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, केबल निसटली की फायलींचा हिशोब बिघडू शकतो, ते टाळावं.

यानंतरची पायरी जवळपास कोणीच करत नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो. दोन-चार जीबी फायली टाका, एन्क्लोजर इजेक्ट करून बंद करा, एक डिस्क बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा. फायली उघडल्या पाहिजेत, बझर वाजला पाहिजे, रिकाम्या कप्प्याचा दिवा बदलला पाहिजे. काढलेली डिस्क साध्या यूएसबी डॉकवर लावून बघा. तिथे ती वाचता आली तर एन्क्लोजर जळालं तरी डेटा हाती आहे. नाहीच आली तर चिप स्वतःच्या पद्धतीने सेक्टर मांडते किंवा परस्पर एन्क्रिप्शन करते, आणि उद्या तेच मॉडेल शोधत फिरावं लागेल. अशी वस्तू मुदतीत परत करणं बरं. शेवटी, बाहेर काढलेली ती डिस्क पूर्ण पुसून परत बसवा, म्हणजे कोणती जुनी आणि कोणती ताजी याचा गोंधळ होत नाही. रीबिल्ड सुरू होईल. ४ टेराबाइटला १५० मेगाबाइटच्या वेगाने साडेसात तास लागतात, आणि तेवढा वेळ प्रत एकच असते.

या एन्क्लोजरची मोठी खोट म्हणजे मिरर मोडमध्ये अनेक चिप डिस्कची ‘स्मार्ट’ (SMART) माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, नीट पुढे देत नाहीत. खराब सेक्टर वाढताहेत हे कळायला मार्ग नाही. दिवा लाल झाला की कळतं. दुसरी खोट मिररिंगचीच: दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे रेड १ ला ठरवता येत नाही. ते चेकसम (डेटा बदलला का हे ताडून बघायचा आकडा) ठेवणाऱ्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमनाच जमतं.

एन्क्लोजरशिवाय, दोन सुट्या एक्स्टर्नल डिस्कवर सॉफ्टवेअरनेही मिरर होतो. विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेसचा टू-वे मिरर, मॅकवर डिस्क युटिलिटीतला रेड असिस्टंट, लिनक्सवर एमडीएडीएम. तिघांत लिनक्सचा उजवा: बिटमॅप (कोणता भाग बदलला याची नोंद) असल्यामुळे केबल निसटून परत लागली तर फक्त बदललेला भाग जुळवला जातो. स्टोरेज स्पेसेसचा पूल मॅकवर उघडत नाही. शिवाय काही यूएसबी चिप दोन्ही डिस्कचा ओळख क्रमांक एकच सांगतात, मग यादीत एकच डिस्क दिसते आणि माणूस केबल बदलत बसतो. दोन्ही डिस्क एका हबवर लावू नयेत.

तर घ्यावं कोणी? ज्यांचा कॉम्प्युटर रोज चालू असतो आणि विंडोजच्या फाइल हिस्ट्री किंवा मॅकच्या टाइम मशीनसारखा, जुन्या आवृत्त्या ठेवणारा बॅकअप आपोआप होतो, त्यांनी. आठवड्यातून एकदा हाताने बॅकअप घेणाऱ्यांना दोन साध्या डिस्क आलटूनपालटून वापरणं जास्त सुरक्षित, कारण एक कायम तारेपासून तुटलेली राहते. मिररमधलीच एक डिस्क दर महिन्याला काढून दुसऱ्या घरी ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये: दर वेळी पूर्ण रीबिल्ड, कनेक्टरची झीज, आणि रीबिल्ड चालू असताना उरलेली डिस्क गेली तर महिनाभर जुन्या प्रतीवर भागवावं लागतं. दुसऱ्या घरी ठेवायला तिसरी सुटी डिस्कच घ्यावी.