म्हापशातली इंग्रजी मजकूर तपासणी: 'पब्लिश' नीट लिहून मिळतं का?

म्हापशाच्या बाजाराजवळ एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग, लग्नपत्रिका आणि रबरी शिक्के यांच्या जोडीला इंग्रजी मजकूर तपासून देतात. ए-फोर पानाला 60 रुपये. सकाळी दिलेला कागद संध्याकाळी मिळतो, दुरुस्त्या लाल शाईने हाताने केलेल्या असतात. पुस्तकाच्या निमंत्रणाचं इंग्रजी पान, देवस्थानाची नोटीस, लेखकाचा परिचय, प्राध्यापकाचा बायोडेटा असे कागद इथे येतात. या सगळ्यांत 'पब्लिश' हे क्रियापद हटकून असतं आणि मराठीत विचार करून लिहिणाऱ्याच्या हातून तेच हटकून चुकतं. म्हणून याच शब्दाची पंधरा वाक्यं तपासायला दिली. दहा चुकीची, पाच बरोबर. दहांपैकी सात चुका सापडल्या, तीन निसटल्या, आणि एक बरोबर वाक्य उगाच बदललं गेलं.

सगळ्यात चांगलं काम झालं ते 'माय बुक पब्लिश्ड इन 2019' या वाक्यावर. मध्ये 'वॉज' घातलं आहेच, शिवाय समासात लिहिलं आहे: 'प्रसिद्ध केलं = पब्लिश्ड, प्रसिद्ध झालं = वॉज पब्लिश्ड'. एवढी एक ओळ समजली तरी निम्म्या चुका थांबतील. मराठीत 'होणे' आणि 'करणे' ही दोन क्रियापदं कामं वाटून घेतात. 'पब्लिश' मुळात 'करणे'च्या बाजूचं, त्यामुळे 'झालं' म्हणायचं तर 'वॉज' लागतंच. प्रकाशन व्यवसायातली माणसं 'द बुक पब्लिशेस इन मे' असं म्हणतात खरी, पण ती धंद्यातली बोली आहे. निमंत्रणात किंवा परिचयात ती नको. उलट 'शी पब्लिश्ड हर फर्स्ट नॉव्हेल इन 2019' हे निखालस बरोबर आहे आणि दुकानाने ते तसंच ठेवलं. मराठीत 'लेखिकेने कादंबरी प्रसिद्ध केली' म्हटलं की पदरचे पैसे घालून काढल्यासारखं वाटतं. इंग्रजीत तसा अर्थ निघत नाही. लेखिका कर्ता चालते, प्रकाशन संस्थाही चालते.

काळाची चूकही बरोबर पकडली. 'हॅज बीन पब्लिश्ड इन 2018' मधलं 'हॅज बीन' खोडून 'वॉज' केलं. साल किंवा तारीख आली की साधा भूतकाळ. ती नसेल तर 'हॅज बीन पब्लिश्ड' छान बसतं.

शब्दयोगी शब्दांत हात थोडा जड पडतो. संस्थेआधी 'बाय', साल, गाव आणि वर्तमानपत्राआधी 'इन', तारीख आणि संकेतस्थळाआधी 'ऑन', इथवर सगळं ठीक. 'पब्लिश्ड फ्रॉम पणजी' मात्र इथे सरसकट 'इन' करून मिळतं. पुस्तकाच्या माहितीत 'इन'च हवं, पण भारतीय वर्तमानपत्रांच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत 'फ्रॉम' रुळलेलं आहे. 1867 च्या कायद्यापासून ती ओळ छापणं बंधनकारक होतं. 1 मार्च 2024 पासून त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला आहे. तुमचं नियतकालिक असेल तर ती ओळ तपासणीतून वगळा असं स्पष्ट सांगा.

निसटलेल्या तिन्ही चुका शब्दनिवडीच्या आहेत, आणि या सेवेची खरी उणीव तिथेच आहे. पहिली 'बुक पब्लिकेशन फंक्शन'. मराठीत पुस्तक काढणं हेही प्रकाशन आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत सोडणं हेही प्रकाशन. इंग्रजीत सभागृहातल्या त्या कार्यक्रमाला 'बुक रिलीज' किंवा 'बुक लाँच' म्हणतात. दुसरी 'फाइव्ह हंड्रेड कॉपीज वेअर पब्लिश्ड'. प्रती छापल्या जातात, म्हणून 'प्रिंटेड' हवं. पब्लिश होतं ते पुस्तक. तिसरी 'प्लीज पब्लिश अवर जत्रा'. जत्रेची बातमी किंवा नोटीस पब्लिश करता येते. जत्रेची प्रसिद्धी करायची तर 'पब्लिसाइज'. या तिन्ही वाक्यांत व्याकरण चोख आहे, म्हणून तपासणाऱ्याची नजर त्यांवरून पुढे गेली. गोव्यात, जिथे 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, तिथे छापणं आणि प्रकाशित करणं यांतला फरक कागदावर पुसला जावा, हे मनाला लागतं.

आता उगाच बदललेलं वाक्य. 'शी पब्लिशेस रेग्युलरली' याला कर्म नाही म्हणून पुढे 'आर्टिकल्स' जोडलं. संशोधकांच्या संदर्भात हे क्रियापद कर्माशिवाय सर्रास चालतं. प्राध्यापकांनी बायोडेटा दिला तर परत घेताना ही जागा आवर्जून बघावी. बायोडेट्यात हमखास येणारं 'अंडर पब्लिकेशन' काढून 'फॉर्थकमिंग' केलं, ते मात्र योग्य. लेख स्वीकारला गेला असेल आणि छपाईच्या वाटेवर असेल तर 'इन प्रेस' अधिक नेमकं.

वकिली कागद इथे देऊ नयेत. बदनामीच्या कायद्यात 'पब्लिश' म्हणजे छापणं नव्हे, तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचवणं. एकाच तिऱ्हाईत व्यक्तीला धाडलेलं पत्रही त्यात येतं. तिथे 'पब्लिश्ड'चं 'सेंट' झालं तर नोटिशीचा अर्थच बदलतो. चर्चमध्ये लग्नाआधी नावं पुकारतात, त्यालाही इंग्रजीत बॅन्स 'पब्लिश' करणं म्हणतात. छापील कागदाचा तिथेही संबंध नाही.

साठ रुपयांत व्याकरण आणि काळ यांसाठी ही सेवा जरूर घ्यावी. कागदासोबत एक चिठ्ठी जोडा: लेखक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुणी, पुस्तक बाजारात आलं ती तारीख, समारंभाची तारीख. शेवटच्या दोन तारखा वेगळ्या असल्या की 'पब्लिश्ड' कुठे आणि 'रिलीज्ड' कुठे, हे तपासणाऱ्याला विचारावं लागत नाही.